घरचा सर्व्हर, आणि किल्ली कोणाकडे?

(रोडपाली येथे तरुण मित्रमैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'प्रायव्हसी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यावर बोलणारे वकील पुष्कळ आहेत, मी वकील नाही. मी इथेच रोडपालीत राहतो, तळोजा एमआयडीसीत मशीन देखभालीचं काम करतो, आणि घरी टीव्हीच्या मागे एक छोटा कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवतो. आमच्या घरचे फोटो, कागदपत्रं, पासवर्ड सगळं त्याच्यावर आहे. त्याबद्दल सांगतो. कुठे अडलं, कुठे मी माती खाल्ली, तेही सांगतो.

सुरुवात महाडपासून करावी लागेल. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचं पाणी शहरात शिरलं. माझ्या नानीचं घर तिथे आहे. नानीला शेजाऱ्यांनी वरच्या मजल्यावर नेलं, ती सुखरूप राहिली. पत्र्याची ट्रंक मात्र खालीच राहिली. त्या ट्रंकेत काय नव्हतं? जागेचं खरेदीखत, नाना-नानींचा निकाहनामा, नानांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, आणि नानांची नली, म्हणजे बोटीवरच्या नोकरीचं पुस्तक. कोकणातल्या ज्यांच्या घरात कोणी खलाशी होतं त्यांना नली म्हणजे काय ते सांगायला नको. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा ट्रंकेत चिखलाचा एक ठोकळा होता.

मग सुरू झाली शोधाशोध. खरेदीखताचा फोटो सापडला दोह्याला, खालाच्या मुलाच्या फोनमध्ये. नलीचं एक पान माझ्याकडे होतं, कारण लहानपणी मला त्यातला शिक्का आवडला होता आणि पुढे कधीतरी मी त्याचा फोटो काढला होता. निकाहनामा एका फॅमिली ग्रुपवर होता, पण इतका पुसट की नाव वाचता येत होतं, तारीख नाही. शाळेचा दाखला कोणाकडेच नव्हता. आजही नाही.

आता कागदाचं महत्त्व मी तुम्हाला काय सांगणार? पासपोर्टला गेलात, मतदारयादीत नाव शोधलंत, की एका दाखल्यावर महंमद, दुसऱ्यावर मोहम्मद आणि तिसऱ्यावर नुसतं 'मो.' असलं की काय होतं हे या खोलीतल्या निम्म्या लोकांनी अनुभवलंय. आमच्या खानदानाचं दप्तर दहा-बारा फोनांत आणि चार ग्रुपांत विखुरलेलं होतं, एवढं मला त्या आठवड्यात कळलं.

साधा उपाय होता: सगळं एका क्लाऊड खात्यात टाकायचं. मी तेच केलं. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली होती, १५ जीबी लगेच भरले, मी पैसे भरायला लागलो. वाईट काहीच नव्हतं. क्लाऊडला शिव्या द्यायला मी इथे उभा नाही. क्लाऊड म्हटलं की लोक आभाळाकडे बघतात, पण आपल्याला एवढं वर बघायची गरज नाही. जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीच्या एका भल्यामोठ्या डेटा सेंटरचं उद्घाटन झालं, ते आपल्या पनवेलजवळच आहे. महापे, रबाळे, ऐरोली पट्ट्यात आणखी कितीतरी आहेत. तिथे जनरेटर आहेत, पहारा आहे, आग विझवायची यंत्रणा आहे. माझ्याकडे टीव्ही आहे आणि त्याच्यावर चढणारी मांजर. सुरक्षिततेच्या बाबतीत मी त्यांची बरोबरी करूच शकत नाही.

प्रश्न वेगळाच आहे. खातं बंद करायचं की चालू ठेवायचं, हे कोण ठरवतं? २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बापाची हकीकत छापली होती. मुलाला संसर्ग झाला, डॉक्टरच्या नर्सने फोटो मागितला, तो काढून पाठवला गेला. गुगलच्या यंत्रणेने तो फोटो बालशोषणाचा ठरवला आणि खातं बंद केलं. ईमेल, संपर्क, मुलाचे जन्मापासूनचे फोटो, सगळं गेलं. पोलिसांनी गुन्हा झाला नाही असं सांगितलं, तरी खातं परत मिळालं नाही.

दुसरी हकीकत आपल्याला जास्त जवळची. मुस्लिम प्रो हे नमाजच्या वेळा सांगणारं ॲप तुमच्यापैकी अनेकांनी वापरलं असेल. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मदरबोर्डने उघड केलं की या ॲपमधून लोकांचं ठिकाण एक्स-मोड नावाच्या दलाल कंपनीकडे जात होतं, आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराशी संबंधित कंत्राटदार होते. ॲपने लष्कराला थेट काही विकल्याचं नाकारलं आणि एक्स-मोडशी व्यवहार थांबवला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एक्स-मोडला लोकांची संवेदनशील ठिकाणं विकायला मनाई केली. म्हणजे तीन वर्षांनी.

मी मशीनवर काम करणारा माणूस, मला प्रश्न पडला: नमाजच्या वेळेला माझं नेमकं ठिकाण लागतंच कशाला? हिशेब करून बघा. वेळ सूर्यावरून ठरते. तारीख, अक्षांश, रेखांश आणि सूर्य क्षितिजाखाली किती अंश, एवढं पुरतं. कराची पद्धतीत फजर आणि ईशाला १८ अंश धरतात. असरला सावलीचं माप धरतात, हनफींत दुप्पट, शाफईंत एकपट. म्हणून एकाच बिल्डिंगमध्ये आम्हा कोकण्यांची असर आधी होते आणि शेजारच्या उत्तर प्रदेशातल्या भाईंची नंतर. रेखांश एक अंशाने बदलला की वेळ चार मिनिटांनी बदलते. रोडपालीहून दहा किलोमीटर पूर्वेला गेलात तर फरक पडतो सुमारे २३ सेकंदांचा! 'पनवेल' एवढं सांगितलं तरी काम होतं. मीटरपर्यंतचा ठावठिकाणा, तोही दिवसभर, नमाजसाठी लागत नाही. फोनवर हिशेब करणारी आणि नेट नसतानाही चालणारी मुक्त-स्रोत ॲप्स आहेत. मी पहिला बदल हा केला. त्याला सर्व्हरही लागला नाही आणि एक रुपयाही.

इथून माझी गाडी घसरली म्हणा किंवा रुळावर आली म्हणा.

लॅमिंग्टन रोडवरून एक सेकंडहँड मिनी पीसी आणला. ऑफिसांतून निघालेले हे डबे पुस्तकाएवढे असतात. साडेआठ हजार पडले. दोन टीबीच्या दोन डिस्क घेतल्या, त्या नव्या. डिस्क कधी जुनी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. डबा १२ ते १५ वॅट खातो, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त अकरा युनिट. अब्बांनी दोन महिने बिल तपासलं, मग नाद सोडला. राऊटरला आणि डब्याला मिळून एक छोटा यूपीएस लावला, कारण देखभालीसाठी वीज कधी जाते ते तुम्हाला माहीतच आहे. वर डेबियन लिनक्स, आणि त्याच्यावर डॉकर. डॉकरला मी टिफिनचे डबे म्हणतो: प्रत्येक ॲप आपापल्या डब्यात, एकाचं सांडलं तर दुसऱ्यात जात नाही.

कागदांसाठी पेपरलेस-एनजीएक्स. फोनने स्कॅन करायचं आणि त्यात टाकायचं, अक्षरं ओळखायचं काम ते टेसरॅक्टकडून करून घेतं. टेसरॅक्टला मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही येतात, पण मुळात ते चालू नसतात, सेटिंगमध्ये सांगावं लागतं. छापील मराठी झकास वाचतं. छापील उर्दू अडखळत. हाताने लिहिलेला निकाहनामा त्याच्या आवाक्याबाहेरचा, आणि मोडीतला कागद असेल तर विसराच. नावाने शोधायला गेलो तर महंमद आणि मोहम्मद ही दोन वेगळी माणसं होतात. म्हणून मी प्रत्येक माणसाचा एक टॅग केला: 'नाना', 'अब्बा', 'खाला'. सरकारला जे जमत नाही ते टॅगने जमलं.

पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन. फोन ते कॉम्प्युटर फाइली सारख्या ठेवायला सिंकथिंग. फोटोंसाठी इमिच. हे २०२२ मध्ये ॲलेक्स ट्रॅन नावाच्या माणसाने सुरू केलं. गुगल फोटोजसारखंच दिसतं, चेहरे ओळखतं, आणि ते ओळखणं तुमच्याच मशीनवर होतं. ईमेलचा सर्व्हर मात्र घरी चालवू नका. घरगुती जोडणीवरून पाठवलेली पत्रं मोठ्या कंपन्या सरळ स्पॅममध्ये टाकतात. मी दोन महिने घालवले, तुम्ही घालवू नका.

घराबाहेरून हे सगळं कसं दिसतं, हा पुढचा अडथळा. आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ता देत नाहीत, कितीतरी घरं मिळून एकच पत्ता असतो. याला सीजीनॅट म्हणतात. सोसायटीच्या गेटसारखं समजा. तुम्ही बाहेर जाऊ शकता, तुम्ही मागवलेलं पार्सल आत येतं, पण नुसता सोसायटीचा पत्ता घेऊन कोणी आलं तर तुमच्या दारापर्यंत पोचत नाही. उपाय म्हणजे वायरगार्डचा बोगदा. २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. ते जुळवणं सोपं करणारं टेलस्केल मी वापरतो. टेलस्केलचा मधला ताळमेळ एका कंपनीकडे असतो, तेवढीही कंपनी नको असेल तर हेडस्केल आहे. मला ती तडजोड चालते. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे माझा डबा उघड्या इंटरनेटवर नाही. नव्या माणसाने दार रस्त्यावर उघडूच नये.

आता माती खाल्लेली गोष्ट.

२०२४ च्या रमजानमध्ये नानी आमच्याकडे होती. रोज इफ्तारनंतर अम्मी आणि ती इमिच उघडून बसायच्या. जुने फोटो मी स्कॅन करून टाकले होते. नानी सांगायची, ही अमक्याची आई, हा मुंबईत गोदीत होता, ही लहानपणीच गेली. अम्मी त्या चेहऱ्याखाली नाव लिहायची. महिनाभरात दोघींनी दोनेकशे चेहऱ्यांना नावं दिली. त्याच पावसाळ्यात नानी गेली.

हिवाळ्यात डब्यातली एसएसडी मेली. मी घाबरलो नाही, कारण रोज रात्री फोटोंची दुसऱ्या डिस्कवर नक्कल होत होती. नवी एसएसडी बसवली, इमिच चढवलं, फोटो आले. नावं आली नाहीत. इमिचमध्ये फोटो एका जागी असतात आणि नावं आणि अल्बम डेटाबेसमध्ये असतात. डेटाबेस होता त्या मेलेल्या एसएसडीवर. त्याची नक्कल वेगळी घ्यावी लागते, हे त्यांच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वाचलं होतं. 'करू नंतर' म्हटलं होतं.

अम्मीने पुन्हा बसून जेवढी आठवली तेवढी नावं घातली. चाळीसेक चेहरे अजून बिननावाचे आहेत. ते फोटो मोठे करून बघितले की अम्मी म्हणते, हिचं नाव मला माहीत होतं रे. यावर मी काय बोलणार? पुराने नेलं ते पुराने नेलं, हे मी घालवलं.

तेव्हापासून डेटाबेसची नक्कल रोज रात्री होते. रेस्टिक नावाचं साधन सगळं कुलूपबंद करून एका डिस्कवर ठेवतं, आणि तशीच दुसरी डिस्क माणगावला खालाच्या कपाटात असते. दोन्ही ईदला जाणं होतंच, तेव्हा अदलाबदल. एक प्रत घराबाहेर असलीच पाहिजे, महाडकरांना हे पटवून द्यावं लागत नाही. आणि दर तीन महिन्यांनी एका जुन्या लॅपटॉपवर सगळं परत उभं करून बघतो. परत उभी करून न बघितलेली नक्कल म्हणजे नक्कल नव्हे, ती नुसती आशा. इमिचची २.० ही स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली, आता अपडेटमध्ये पूर्वीइतकं मोडत नाही. तरी नक्कल घ्या.

आता ज्यासाठी हे भाषण देतोय तिकडे येतो.

जाहिराती अडवायला मी घरात पाय-होल लावलं होतं. घरातल्या प्रत्येक उपकरणाने कोणतं संकेतस्थळ मागितलं ते सगळं त्याच्यातून जातं. एकदा सहज त्याचा लॉग उघडला. रात्री पावणेदोनला कोणाचा फोन काय बघत होता, सगळं ओळीने लिहिलेलं. अब्बा कोणत्या आजाराबद्दल वाचत होते, तेही. त्यांनी ते आम्हाला सांगितलं नव्हतं. मी पटकन बंद केलं, पण दिसलं ते दिसलं.

त्याच सुमारास धाकटी बहीण घरी आली. ती कायद्याचं शिकते. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' झालं, ते तुम्हाला आठवत असेल. मुस्लिम मुलींचे, पत्रकार बायकांचे त्यांनीच टाकलेले फोटो उचलून लिलावाच्या नावाने मांडले होते. तेव्हापासून हिने स्वतःचा एकही फोटो बाहेर ठेवलेला नाही. मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, आता तुझे फोटो घरच्या सर्व्हरवर टाक, बाहेरचं कोणी बघणार नाही.

तिने विचारलं, "आणि भाईजान, तू?"

मी म्हटलं, "मी कशाला बघेन?"

"कंपनीवालेही तेच म्हणतात."

तिचं बरोबर होतं. इमिचच्या ॲपमधून मला दुसऱ्याचे फोटो दिसत नाहीत, पण डिस्क माझी आहे. फोल्डर उघडला की फोटो समोर. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, ते आम्ही दोघांनी मिळून वाचलंय. मी आजवर तो निकाल सरकारच्या आणि कंपन्यांच्या तोंडावर फेकत होतो. घरात माझं काय होतं? मी कंपनीकडून किल्ली काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. आपल्या घरांत कॉम्प्युटरवाला बहुधा भाऊ असतो, नाहीतर नवरा. त्याच्या हातात बायकोचे, बहिणीचे, आईचे संदेश आणि फोटो आले आणि त्याला आपण 'प्रायव्हसी' म्हणालो, तर कोणाची प्रायव्हसी?

मग बदल केले. पाय-होलमध्ये खाजगीपणाच्या पायऱ्या आहेत, शून्य ते तीन. तीनवर ठेवलं की कोणी काय मागितलं ते नोंदलं जात नाही. जाहिराती अडतातच. व्हॉल्टवॉर्डनची अडचण नव्हती, त्यात कुलूप फोनवरच लागतं, माझ्या डिस्कवर नुसता कचरा दिसतो. फोटोंसाठी बहिणीने एन्टे निवडलं. हे बेंगळुरूच्या लोकांनी सुरू केलेलं आहे, त्याचा सर्व्हर मार्च २०२४ मध्ये मुक्त झाला, म्हणून आता घरीही चालवता येतो. त्यातही फोटो फोनवरून निघण्याआधीच कुलूपबंद होतात. तिचे फोटो माझ्याच डब्यात आहेत आणि मला उघडता येत नाहीत. तिला चोवीस शब्दांची परतीची किल्ली मिळाली, ती तिने कागदावर लिहून ठेवली आहे. कुठे, ते मला माहीत नाही. पासवर्ड आणि ते शब्द दोन्ही हरवले तर फोटो कायमचे गेले, मीही काही करू शकणार नाही. हे मी तिला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, चालेल, हरवले तर मी हरवले.

कौटुंबिक अल्बम अजून इमिचवरच आहे, कारण चेहरे ओळखायची सोय आणि अम्मीची सवय तिथे आहे. मला ते दिसतात, आणि हे घरातल्या प्रत्येकाला मी स्पष्ट सांगितलंय. ज्याला नको त्याने टाकू नये.

मध्यंतरी ओळखीच्या एका गटाने विचारलं, शिष्यवृत्तीच्या मुलांचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, आधारच्या प्रती तुझ्या सर्व्हरवर ठेवतोस का? फुकटात होईल. मी नाही म्हटलं. काहींना राग आला. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू होत नाही, तो संस्थेच्या कामाला लागू होतो. शंभर मुलांचे कागद घेतले की त्यांच्या संमतीची, सुरक्षेची, फुटले तर कळवण्याची जबाबदारी येते. टीव्हीमागच्या डब्याच्या आणि माझ्या रात्रपाळीच्या भरवशावर ती घेता येत नाही. गटाला मी एवढंच सुचवलं, की आधारच्या प्रती गोळाच करू नका. त्यांनी यादीतल्या निम्म्या गोष्टी मागणं बंद केलं, आणि मला वाटतं तेच जास्त कामाचं झालं.

एक प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो: असलं काही चालवलं तर पोलीस विचारतील का? स्वतःचे फोटो आणि कागद स्वतःच्या डिस्कवर ठेवणं हा गुन्हा नाही. मे २०२३ मध्ये सरकारने चौदा मेसेजिंग ॲप्स बंद केली, त्यांत एलिमेंट आणि ब्रायर ही मुक्त-स्रोत ॲप्सही होती, ही बातमी खरी आहे. ती निरोपाची साधनं होती. गप्पांचा सर्व्हर मी चालवत नाही, चालवायला वेळही नाही.

शेवटी वही. टीव्हीच्या खणात दोनशे पानी वही आहे, तिच्यात डबा कसा बंद करायचा, कसा चालू करायचा, कोणती डिस्क कुठे आहे, हे साध्या मराठीत लिहिलंय. उद्या मला आखातात नोकरी लागली किंवा माझं काही बरंवाईट झालं, तर डबा बहिणीच्या हातात आहे. तिला मी सगळं शिकवलं. तिने शिकल्यावर पहिलं काम काय केलं? मुख्य पासवर्ड बदलला. आता अपडेट करायचं असेल तर मला तिला विचारावं लागतं.

पुढच्या रविवारी इथेच बसू. जुना लॅपटॉप असेल तर आणा, चार जीबी रॅम असली तरी सुरुवातीला चालेल. घरातले कागद आणू नका, फोटो आणू नका. पहिल्या दिवशी आपण फक्त सिंकथिंग बसवू आणि एक रिकामी फाइल इकडून तिकडे पाठवू. आणि डिस्क आणणार असाल, तर दोन आणा.